आकारमान छापून येते, आकार राहून जातो

बोलीमराठीत ‘आकार’ या एकाच शब्दावर दोन कामे सोपवलेली आहेत. घागर केवढी आहे हे सांगताना आकार, आणि ती गोल की निमुळती हे सांगतानाही आकार. शास्त्रीय लेखनात हा घोटाळा टाळण्यासाठी लहानमोठेपणाला ‘आकारमान’ आणि घडणीला ‘आकार’ असा भेद करावा लागतो. नॅनोविज्ञानाच्या राष्ट्रीय बातम्या पाहिल्या, तर या भेदाचे पहिले अंग हमखास हजर असते आणि दुसरे हमखास गैरहजर. ‘२० नॅनोमीटरचे चांदीचे कण’ असे छापून येते. पुढे कर्करोग, शुद्ध पाणी किंवा हरित ऊर्जा यांपैकी एक आश्वासन येते. ते कण गोल होते, घनाकृती होते, चपटे त्रिकोण होते की काटेरी, हे वाचकाला कळत नाही. बहुधा ते विचारलेही गेलेले नसते.

एका धातूच्या गाभ्यावर दुसऱ्या धातूचे कवच वाढवलेल्या कणांच्या बाबतीत ही गैरहजेरी विशेष महाग पडते. अशा कणाचा रंग, त्याची रासायनिक क्रियाशीलता आणि जिवंत पेशीवरचा त्याचा परिणाम हे सर्व कवचाच्या जाडीवर आणि आकारावर अवलंबून असते. आकार सांगितला नाही, तर पदार्थच सांगितला गेला नाही, असे म्हणणे येथे अतिशयोक्तीचे होत नाही.

गाभा आणि कवच ही कल्पना भारतीय हाताला नवी नाही. लखनौच्या जरदोजीत किंवा पैठणीच्या पदरात जी खरी जर असते, तिच्यात रेशमाच्या धाग्याभोवती चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते आणि त्या चांदीवर सोन्याचा पातळ मुलामा असतो. डोळ्याला सोने दिसते, आत चांदी असते, मधोमध रेशीम असते. उपयोग बाहेरच्या थराचा, आधार आतल्याचा. मात्र जरीची तार छिद्रे असलेल्या पोलादी पट्टीतून ओढून घडवतात; तिचा आकार छिद्र ठरवते. द्रावणात वाढणाऱ्या कणाला असे छिद्र नसते आणि साचाही नसतो. तिथे एकेक अणू येऊन बसतो, आणि तो कुठे बसेल यावर कवचाची घडण ठरते. म्हणून ‘आकारावर नियंत्रण’ याचा येथील अर्थ अणूंच्या बसण्याच्या सवयींवर नियंत्रण असा होतो.

या क्षेत्राचा भौतिक पाया जुना आहे. मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्ये रॉयल सोसायटीपुढे सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांच्या माणिकरंगी द्रावणांविषयी व्याख्यान दिले. गुस्ताव मी यांनी १९०८ मध्ये गोल कणावर पडणाऱ्या प्रकाशाचे गणित मांडले. एकात एक असलेल्या दोन गोलांसाठी, म्हणजे गाभा आणि कवच यांच्यासाठी, ते गणित एडन आणि कर्कर यांनी १९५१ मध्ये केले. १९९८ मध्ये राइस विद्यापीठातील नेओमी हालास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकाच्या गाभ्यावर सोन्याचे कवच चढवून दाखवले, की गाभ्याची त्रिज्या आणि कवचाची जाडी यांचे गुणोत्तर बदलले तर शोषणाची तरंगलांबी हवी तिथे सरकवता येते. सोन्याचा साधा गोल कण सुमारे ५२० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश शोषतो, म्हणून द्रावण लाल दिसते. तेच सोने पातळ कवचाच्या रूपात असेल, तर शोषण ८०० नॅनोमीटरच्या आसपास, अवरक्त प्रकाशात नेता येते. तो प्रकाश शरीराच्या ऊतींमधून तुलनेने खोलवर जातो. याच तत्त्वावर प्रोस्टेटच्या गाठी उष्णतेने नष्ट करण्याची १६ रुग्णांवरील प्राथमिक चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली.

महाराष्ट्रातही या विषयावर लवकर काम झाले. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातील सुलभा कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये नॅनोकवचांची निर्मिती, गुणधर्म आणि उपयोग यांचा सविस्तर आढावा घेतला. नव्या विद्यार्थ्याने परदेशी ग्रंथांकडे वळण्यापूर्वी वाचावा, असा तो लेख आहे.

कवचाच्या जाडीचे साधे गणित कागदावर करून पाहण्यासारखे आहे. १० नॅनोमीटर व्यासाच्या सोन्याच्या गाभ्यावर २ नॅनोमीटर जाडीचे चांदीचे कवच हवे आहे, असे समजू. पूर्ण कणाचा व्यास १४ होईल. घनफळे व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असतात, म्हणून गाभा १००० तर पूर्ण कण २७४४. उरलेले १७४४ हे कवच. म्हणजे पातळ वाटणाऱ्या या थरासाठी गाभ्यातील सोन्याच्या जवळपास पावणेदोन पट चांदी लागते. आता चांदी तेवढीच ठेवून द्रावणातील बीजकणांची संख्या निम्मी झाली, तर प्रत्येक बीजाच्या वाट्याला दुप्पट चांदी येईल. व्यास सुमारे साडेसोळा आणि कवचाची जाडी सव्वातीन नॅनोमीटर होईल. बीजकण मोजले नसतील, तर कवचाची जाडी ‘साध्य केली’ असे म्हणता येत नाही. ती फक्त ‘आढळली’ असे म्हणता येते.

जाडीपेक्षा आकाराचा प्रश्न अवघड. सोने, चांदी, पॅलेडियम, प्लॅटिनम या धातूंच्या स्फटिकांना हिऱ्यासारखे पैलू असतात, आणि प्रत्येक पैलूवर अणूंची मांडणी वेगळी असते. सर्वात दाट मांडणीच्या पैलूची पृष्ठऊर्जा सर्वात कमी असते. कणाला भरपूर वेळ आणि मोकळीक मिळाली, तर तो कमीत कमी पृष्ठऊर्जेच्या घडणीकडे जातो. प्रयोगशाळेत मात्र ही मोकळीक क्वचितच असते. क्षपणक जोरदार असेल, तर अणू भराभर तयार होतात आणि जागा मिळेल तिथे बसतात. क्षपणक सौम्य असेल, तर आलेला अणू पृष्ठभागावर सरकत आपली जागा शोधतो.

अमेरिकेतील यूनान शिया यांच्या गटाने २०१३ मध्ये पॅलेडियमच्या घनाकृती बीजांवर पॅलेडियमच वाढवून ही शर्यत स्वच्छ मांडली. नवे अणू प्रथम घनाच्या कोपऱ्यांवर उतरतात. उतरण्याचा वेग सरकण्याच्या वेगाहून जास्त ठेवला, तर कोपऱ्यांतून शिंगे फुटतात. तापमान वाढवून किंवा क्षार थेंबाथेंबाने सोडून सरकण्याला वाव दिला, तर अणू कडांकडे आणि सपाट बाजूंकडे पसरतात. रसायने तीच, धातू तोच. केवळ थेंबांचा वेग आणि तापमान यांनी कणाचा चेहरा बदलतो.

यात दोन गोष्टींची भर पडते. पहिली, दोन धातूंच्या अणुमांडणीतील तफावत. सोन्याच्या जालकाची बाजू ०.४०८ नॅनोमीटर, चांदीची ०.४०९. ही जोडी एकमेकींवर जवळजवळ ताण न पडता बसते, म्हणून सोन्यावर चांदीचे अखंड कवच वाढवणे तुलनेने सोपे. पॅलेडियमची बाजू ०.३८९, तर तांब्याची ०.३६१. सोन्यावर तांबे वाढवताना ताण इतका येतो, की एकसंध थराऐवजी बेटे तयार होण्याकडे कल असतो. दुसरी गोष्ट, पृष्ठभागाला चिकटणारे रेणू आणि आयन. एखादा रेणू ठरावीक पैलूला घट्ट धरून बसला, तर त्या पैलूवर नवे अणू येणे मंदावते आणि शेवटी तोच पैलू कणावर उरतो. शिया यांच्याच गटाने २०१० मध्ये सोन्याच्या गोल बीजांवर चांदीचे धारदार घन वाढवले. आत गोल आणि बाहेर घन, ही किमया पैलूंच्या अशा वेगवेगळ्या वागणुकीतून साधते.

धातू कोणत्या क्रमाने येतात, हेही तितकेच निर्णायक. सोन्याचा आयन चांदीच्या आयनापेक्षा सहज क्षपण पावतो. दोन्ही एकत्र ठेवले, तर सोने आधी घन रूपात येते आणि चांदी मागाहून त्याच्यावर बसते. क्रम उलटा करून चांदीच्या कणांवर सोन्याचा क्षार ओतला, तर सोन्याचा एक अणू बसताना चांदीचे तीन अणू विरघळून निघून जातात आणि कण आतून पोकळ होत जातो. कवच चढवायला गेलेल्या विद्यार्थ्याच्या हाती पोकळ कवटी येते, ती या कारणाने.

या पार्श्वभूमीवर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने केलेले काम पुन्हा वाचण्यासारखे आहे. २००४ मध्ये या गटाने कडुनिंबाच्या पानांच्या अर्कात सोन्याचे आणि चांदीचे आयन एकत्र ठेवून सोन्याचा गाभा आणि चांदीचे कवच असलेले कण मिळवल्याचे प्रसिद्ध केले. सूक्ष्मदर्शकाखाली त्या कवचाचे रूप कसे होते, हेही त्यांनी नोंदवले: चांदीचे छोटे कण सोन्याच्या कणाला चिकटून तयार झालेला थर. गुळगुळीत, अखंड पापुद्रा असा दावा त्यांनी केला नाही. ‘कवच’ या शब्दाखाली काय काय येऊ शकते, याचे हे प्रामाणिक उदाहरण.

त्याच वर्षी याच गटाने ‘नेचर मटेरिअल्स’मध्ये गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे चपटे त्रिकोण मिळवल्याचे जाहीर केले. ते काम जगभर उद्धृत झाले. त्यानंतर पानांच्या अर्कातून कण बनवणाऱ्या शोधनिबंधांचा भारतात पूर आला. तुळस, कोरफड, आवळा, शेवगा, हळद. स्वयंपाकघर आणि परसबाग यांतील क्वचितच काही सुटले असेल. वनस्पती बदलायची, वर्णपट घ्यायचा, जिवाणूंवर परिणाम दाखवायचा, असा साचा पडला.

त्या पुराने एक गोष्ट झाकली. पुण्याच्या गटाने गवती चहाच्या यशावर थांबून दुसरे झाड शोधले नव्हते. त्रिकोणच का, असा प्रश्न विचारला होता. २००६ मध्ये ‘लँगम्युअर’मध्ये त्यांनी उत्तराचा एक भाग दिला. द्रावणातील क्लोराइड आयन त्रिकोणांच्या वाढीला साहाय्य करतात. आयोडाइड आयन मात्र त्रिकोण बिघडवतात आणि गोल कणांचे पुंजके उरतात. तापमानाचा परिणामही त्यांनी त्याच लेखात तपासला. आकार झाडाच्या नावात नसून द्रावणातील मोजता येणाऱ्या घटकांत आहे, हे त्या कामाचे खरे सांगणे होते.

त्याचे महत्त्व दोन-तीन वर्षांत वेगळ्याच वाटेने सिद्ध झाले. सोन्याच्या दांडीसारख्या कणांसाठी सीटॅब नावाचे साबणासारखे रसायन सर्वत्र वापरले जाते. टेक्सास विद्यापीठात ब्रायन कॉर्गेल यांच्या गटाने २००८ मध्ये दहा पुरवठादारांचे सीटॅब घेऊन एकच कृती करून पाहिली. तीन बाटल्यांतून दांड्या तयारच झाल्या नाहीत. गोल कण मिळाले. पुढच्या वर्षी कारण हाती लागले: त्या सीटॅबमध्ये अशुद्धी म्हणून आयोडाइड होते, तेही दशलक्षांश भागांत मोजण्याइतके अल्प. बाटलीवर शुद्धतेचा शिक्का होता आणि रसायनाचे नाव बरोबर होते. तरीही आकार बदलला. अशा बाटलीवर कित्येक महिने घालवून ‘आपला हात चालत नाही’ असे समजणारे विद्यार्थी जगभर किती झाले असतील, याची गणती कोणी ठेवलेली नाही.

एका शुद्ध म्हणून विकल्या जाणाऱ्या रसायनाची ही कथा असेल, तर पानांच्या अर्काचे काय? येथे लखनौचा प्रश्नाशी थेट संबंध येतो. या शहरात कुकरैलजवळ केंद्रीय औषधी आणि सुगंधी वनस्पती संस्था आहे. गवती चहाच्या लागवडीसाठी सुधारित वाण तयार करणे हे तिचे दीर्घकाळचे काम. ‘कृष्णा’ हे त्यांतले एक परिचित नाव. गवती चहाच्या तेलात सिट्राल हा मुख्य घटक असतो आणि तो अल्डिहाइड वर्गातला आहे. वाण, कापणीची वेळ, वाळवण यांनुसार तेलाचे प्रमाण आणि घडण बदलते, हे त्या संस्थेतील प्रत्येकाला पाठ असते. शेतकऱ्याला भाव त्यावरच मिळतो. पुण्याच्या २००४ च्या लेखातही त्रिकोणांच्या घडणीचा विचार करताना अर्कातील अल्डिहाइड आणि कीटोन यांच्याकडे बोट दाखवलेले होते. तरीही नॅनोकणांच्या असंख्य लेखांत ‘बाजारातून आणलेली ताजी पाने’ एवढ्याच वर्णनावर भागवले जाते. अत्तरवाला ज्या चौकशीशिवाय तेल घेणार नाही, ती चौकशी संशोधनात टाळली जाते, ही विसंगती गंभीर आहे.

त्याच शहरात भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था आहे. १९६५ मध्ये औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्र म्हणून ती सुरू झाली. कोणता पदार्थ माणसाला किती घातक, हे ठरवण्याचे काम तिच्याकडे येते, आणि नॅनोकणांच्या विषारीपणाचा अभ्यास भारतात ज्या ठिकाणी लवकर सुरू झाला त्यांत ती आहे. झिंक ऑक्साइडचे नॅनोकण मानवी त्वचेच्या पेशींतील डीएनएला इजा करू शकतात, असा अभ्यास तिथून २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा संस्थेपुढे ‘सोने-चांदीचे गाभा-कवच कण’ असे लिहिलेली कुपी आली, तर नेमके काय तपासले जाते? चांदीचे कवच अखंड असेल, तर पेशीला चांदीच भेटते. कवच बेटांचे असेल, तर सोने आणि चांदी दोन्ही उघडे असतात आणि चांदीचे आयन सुटण्याचा वेग वेगळा राहतो. कोरियातील संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले होते, की छाटलेल्या कोपऱ्यांच्या चांदीच्या त्रिकोणी चकत्या ई. कोलाय जिवाणूंवर गोल किंवा दांडीसारख्या कणांपेक्षा अधिक प्रभावी ठरतात. जिवाणूला आकार कळतो. मग अहवालाला तो कळायला हवा.

याचा अर्थ असा, की आकाराची नोंद नसलेल्या नमुन्यावरचा ‘सुरक्षित’ हा शिक्का पुढच्या नमुन्याला लागू होत नाही. नॅनोऔषधांच्या मूल्यमापनासाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि त्यांत कणांच्या भौतिक-रासायनिक गुणधर्मांची नोंद मागितलेली आहे. परंतु औषध त्या टप्प्याला पोहोचण्याच्या कितीतरी आधी, एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पहिली कृती लिहिली जाते. तिथे राहिलेली पोकळी पुढे कोणत्याही अर्जाने भरून निघत नाही.

या आग्रहावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. पानांच्या अर्काची पद्धत स्वस्त आहे; ज्या महाविद्यालयांत चांगला धूर कक्षही नाही, तिथल्या विद्यार्थ्यांना तिने संशोधनाचे दार उघडले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक कोट्यवधींचे असते. प्रत्येक लेखाकडून आकाराचा पूर्ण हिशेब मागितला, तर हे दार पुन्हा सधन संस्थांपुरते उरेल. आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याचे उत्तर तपासणीचा आग्रह सोडून देता येत नाही. तपासणी परवडेल अशी मांडून द्यावे लागते.

पहिले म्हणजे, साधा दृश्य-अतिनील वर्णपटमापक बराच बोलतो. सोन्याच्या लाल द्रावणात चांदीचे कवच वाढू लागले, की रंग नारिंगी आणि मग पिवळ्याकडे जातो. ५२० नॅनोमीटरचे शिखर कमी तरंगलांबीकडे सरकते आणि कवच जाड झाल्यावर ४०० च्या आसपास चांदीची खूण उमटते. चपटे त्रिकोण असतील, तर अवरक्ताकडे रुंद शोषण दिसते. मात्र या वर्णपटाची मर्यादाही शिकवली पाहिजे. सोन्याचे आणि चांदीचे वेगवेगळे कण नुसते मिसळले, तरी दोन शिखरे दिसतात. दोन धातूंचे एकजीव संमिश्र झाले, तर दोहोंच्या मधोमध एकच शिखर येते. क्ष-किरण विवर्तन येथे मदतीला येत नाही, कारण सोने आणि चांदी यांची जालके इतकी सारखी, की त्यांच्या रेषा एकमेकींवर बसतात. केवळ क्ष-किरण विवर्तनाच्या आलेखावर ‘गाभा-कवच सिद्ध झाले’ असे लिहिणारा निबंध परीक्षकाने परत पाठवायला हवा.

दुसरे म्हणजे, खरी खात्री मूलद्रव्यांच्या नकाशासह घेतलेल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक चित्रानेच होते, आणि त्यासाठी ते यंत्र विकत घेण्याची गरज नाही. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने चालणारी ‘सैफ’ ही उपकरण केंद्रे याच हेतूने आहेत. लखनौत असे केंद्र केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत आहे, मुंबईत ते आयआयटीत आहे. बाहेरच्या महाविद्यालयांचे नमुने शुल्क घेऊन तपासले जातात. २००७ मध्ये पाच वर्षांसाठी १००० कोटी रुपयांची तरतूद करून नॅनो मिशन सुरू झाले, तेव्हा उपकरणांवर भर देणे आवश्यकच होते. आता लहान महाविद्यालयांच्या नमुन्यांचे शुल्क भरण्यासाठी छोटी, वेळेवर मिळणारी अनुदाने हवीत. एखादे नवे यंत्र उभारण्यापेक्षा त्याचा खर्च कमी आणि पोहोच अधिक असेल.

तिसरी गोष्ट पूर्णपणे फुकट आहे: नोंदवही. बीजकणांचे आकारमान आणि अंदाजे संख्या, क्षार ओतण्याचा क्रम आणि वेग, तापमान, रसायनाच्या बाटलीवरचा उत्पादक आणि गट क्रमांक, वनस्पतीचे वाण, महिना, पान कोवळे की जून, किती मिनिटे उकळले. या एवढ्या ओळींसाठी कोणत्याही मंजुरीची गरज नसते. फसलेल्या खेपांची नोंद याच पानांवर राहिली, तर ती वाया जात नाही. कोणत्या बदलाने आकार मोडतो हे तीच सांगते. आयोडाइडचा उलगडा यशस्वी बाटल्यांनी केला नाही. फसलेल्या तीन बाटल्यांनी केला.

राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये मंजुरी दिली, १९,७४४ कोटी रुपयांच्या तरतुदीसह. हायड्रोजन बनवणे आणि इंधनघटात वापरणे, दोन्हीकडे मौल्यवान धातूंची बचत करणारे उत्प्रेरक लागतात, आणि स्वस्त गाभ्यावर प्लॅटिनमचे काही अणुथर एवढेच कवच हा त्यावरचा एक प्रमुख मार्ग मानला जातो. तिथे कवचावर कोणते पैलू उघडे राहतात, यावर प्रत्येक ग्रॅममागे मिळणारे काम ठरते. आज पानांच्या अर्काशी खेळणारा विद्यार्थी उद्या त्या उत्प्रेरकावर बसणार आहे. आकाराकडे पाहण्याची सवय त्याला आधीच लागलेली असेल किंवा नसेल. नंतर ती लावायला वेळ मिळत नाही.

विज्ञानवार्ता वाचणाऱ्यानेही आपल्या बाजूने थोडी कसोटी लावावी. गाभा-कवच कणांची बातमी समोर आली, की तीन प्रश्न पुरेसे आहेत. शंभर कणांपैकी किती कण सांगितलेल्या आकाराचे होते? कवच अखंड आहे, हे कशावरून ठरवले? तीच कृती दुसऱ्या प्रयोगशाळेत, दुसऱ्या बाटलीने, दुसऱ्या ऋतूत करून पाहिली गेली आहे का? उत्तरे मिळाली, तर बातमी दखल घेण्याजोगी. न मिळाली, तर तिला अद्याप प्राथमिक निरीक्षण म्हणावे, त्याहून मोठे नाव देऊ नये.

पुण्याच्या प्रयोगशाळेने वीस वर्षांपूर्वी गवती चहातून त्रिकोण काढले आणि मग ते का मोडतात हेही शोधले. त्यातली पहिली अर्धी गोष्ट देशभर गिरवली गेली, दुसरी बरीचशी मागे राहिली. लखनौसारख्या शहरात वनस्पतीचा घटक ओळखणारे, विष मोजणारे, औषध घडवणारे आणि नमुना तपासणारे काही किलोमीटरांच्या अंतरात आहेत. तिथल्या एखाद्या मार्गदर्शकाने पुढच्या वर्षी विद्यार्थ्याला नवे झाड देऊ नये. जुनेच झाड, ज्ञात वाण आणि एक प्रश्न द्यावा: हे कवच प्रत्येक वेळी असेच का येत नाही?